धुतलेला रोल

आमच्याकडं फोटोचा रोल ‘धुवायला’ टाकतात. डेव्हलप वगैरे शब्द पुण्यातले. बारामतीच्या स्टुडिओवाल्यापासून लग्नात फोटो काढत हिंडणाऱ्या पोरांपर्यंत सगळे ‘रोल धुतला का’, ‘धुऊन कधी मिळंल’ असंच बोलायचे, आणि मीही तसंच बोलायचे. त्या एका शब्दापायी काय झालं ते सांगते. खरं तर मला सांगायला आवडत नाही. घरात ही गोष्ट विनोद म्हणून सांगतात, लग्नाकार्यात तर हमखास निघते, आणि सगळे हसायला लागले की मी पाणी आणायला म्हणून आत जाते.

त्र्याण्णव-चौऱ्याण्णवचा सुमार असेल. मी पुण्यात कमर्शिअल आर्टच्या तिसऱ्या वर्षाला होते. आमची वस्ती निमगाव केतकीच्या बाहेर, इंदापूर रस्त्याला. आजोबांपर्यंत घरात मेंढरं होती. तात्यांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ती विकून विहीर पाडली, ऊस लावला, कारखान्याचे सभासद झाले, आणि तेव्हापासून घरात मेंढरांचं नाव काढलेलं आईला खपत नसे. “आता आपुन बागायतदार,” असं ती उगाचच मध्ये मध्ये म्हणायची, जसं काही कुणी नाही म्हणत होतं.

मुलीला पुण्याला ठेवून चित्रं काढायला शिकवणारे तात्या वस्तीवरचे पहिलेच. पण त्यांनी अट घातली होती. “एक इषय जरी राहिला, तर गाठोडं बांधून घरी यायचं. वालचंदनगरचं स्थळ थांबलंय.” स्थळ खरंच थांबलं होतं. मुलगा फिटर, क्वार्टर मिळालेला, आणि आईच्या दृष्टीनं सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे क्वार्टरमध्ये नळ. मुलगा वाईट नसेलही. पण मला तो नको होता, मला कॉलेज हवं होतं, आणि आदल्या वर्षी लेटरिंगमध्ये मी कशीबशी काठावर निघाले होते. तिसऱ्या वर्षाला घसरले असते तर संपलं होतं.

त्यात आलं फोटोग्राफीचं सबमिशन. आमच्या सरांनी फळ्यावर लिहून दिलं होतं: एक माणूस, एक काम, बारा फोटो, ब्लॅक अँड व्हाइट. आणि खाली दोन रेघा मारून: माणूस कॅमेऱ्याकडे बघता कामा नये. “मला लग्नाचा अल्बम नकोय,” ते म्हणाले, “बघितलं की फोटो बाद.” कॉलेजचे कॅमेरे मोजून चार आणि पोरं तीस, त्यामुळं पाळ्या लावल्या होत्या. माझी पाळी शेवटची. बुधवारी कॅमेरा मिळाला, पुढच्या मंगळवारी परत द्यायचा आणि त्यानंतर चारच दिवसांनी सबमिशन. एक कॅमेरा आणि एक रोल पिशवीत घालून मी एस्टीनं घरी आले.

आता आमच्याकडच्या माणसांना फोटोची एकच पद्धत माहीत. कॅमेरा दिसला की हातातलं टाकायचं, टोपी नीट करायची, राष्ट्रगीत लागल्यागत ताठ उभं राहायचं आणि श्वास धरायचा. तात्यांना म्हटलं, तुम्ही आपले दारं धरा, पाणी द्या उसाला, मी लांबून काढते. तर ते खोरं बाजूला ठेवून, पाय धुऊन, कोट घालून आले. म्हटलं, “तात्या, कोट कशाला?” तर म्हणाले, “मग फुटू कसला काढती?” तीन फोटो असे वाया गेले. आई तर हलायलाच तयार नव्हती. डोळे मिटले जातील म्हणून तिनं ते इतके ताणले, की मीच घाबरले.

राहता राहिल्या वैनी. दादाचं लग्न होऊन आठ महिने झाले होते. वैनी माझ्यापेक्षा वर्षानं लहान, पण नात्यानं मोठ्या, म्हणून मी त्यांना ‘तुमी’ म्हणायचे आणि त्या मला ‘वन्सं’ म्हणायच्या. इंदापूरच्या पल्याडच्या एका वाडीवरच्या त्या. माहेरी अजून मेंढरं होती. नव्या सुनेला घरात स्वतःचं असं काहीच नसतं, तसं त्यांचं होतं. कुणी तांब्या शोधायला लागलं की या आधीच भरून घेऊन उभ्या. कुणाचं काय राहिलंय, कुणाला काय लागेल, सारखं हुंगत असायच्या. माझे रंगाचे ब्रश मी घासायच्या आत घासून वाळत टाकलेले असायचे.

दुपारी आई लवंडली की मात्र वैनी मागच्या सपरात, म्हणजे गवती छपरात, जायच्या. ट्रंकेत साड्यांखाली लपवून आणलेली चाती काढायच्या आणि लोकर कातत बसायच्या. लाकडाची साधी चाती, भोवऱ्यासारखी मांडीवर फिरवून सोडायची आणि वर हातातल्या लोकरीतून सूत निघत जायचं. मी एकदा पाण्याला गेले तेव्हा दिसल्या. दचकून त्यांनी चाती पदराखाली घेतली. “आत्यास्नी सांगू नका वन्सं. हात मोकळा बसत न्हाय म्हणून करती.”

मी कशाला सांगतेय! मला माझा माणूस आणि माझं काम दोन्ही मिळालं होतं.

पहिल्या दिवशी त्या दर दोन मिनिटांनी माझ्याकडं बघून हसायच्या. मी कॅमेरा नुसता डोळ्याला लावून बसले, बटण दाबलंच नाही. दुसऱ्या दिवशी बघणं कमी झालं. तिसऱ्या दिवशी, शनिवारी, त्या मला विसरल्या. खरंच विसरल्या. सपराच्या दारातून उजेड येत होता, चाती फिरत होती आणि वैनींचं तोंड असं झालं होतं की मी घरात आठ महिन्यांत कधी पाहिलं नव्हतं. खालचा ओठ थोडा सुटलेला, भुवया मोकळ्या. कुणाची सून नाही, कुणाची कोण नाही. सूत लांबत होतं आणि त्या त्याच्या मागं कुठंतरी गेल्या होत्या. उरलेले सगळे फोटो मी तेव्हा काढले. आपण काहीतरी चांगलं करतोय हे कळायला सर लागत नाहीत, तेव्हाच पोटात कळतं.

रोल गुंडाळून काळ्या डबीत ठेवला. सर सांगायचे, फिल्मचं शेपूट, म्हणजे टोक, पूर्ण आत जाऊ द्या. पण वर्गातल्या पोरांनी शिकवलं होतं की शेपूट जरा बाहेर ठेवलं की स्टुडिओवाल्याला काढायला सोपं पडतं. मी शहाणी, शेपूट बाहेर ठेवलं. कॉलेजच्या अंधाऱ्या खोलीत आमच्या वर्गाची झुंबड होती, म्हणून रोल बारामतीला ओळखीच्या स्टुडिओत द्यायचा असं मी ठरवलं होतं. रात्री जेवताना मी फुशारकीनं सगळ्यांना सांगितलं, “झालं माझं काम. उद्या बारामतीला जाऊन रोल धुवायला टाकायचाय. दीड तास जायला, दीड तास यायला, सगळा दिवस मोडणार.”

वैनी वाढत होत्या. त्यांनी ऐकलं.

सकाळी मी डोक्यावरून नाहायला गेले. केस पुसत बाहेर आले तर खाटेवर ठेवलेली डबी नव्हती. कपड्यात बघितलं, पिशवीत बघितलं. मग अंगणात आले. दोरीवर आईचं लुगडं, दादाचा सदरा आणि त्या दोन्हींच्या मध्ये, चिमटे लावून, लांबच्या लांब फिल्म वाळत घातलेली. उजेडाचा थेंबही लागू नये तिला, आणि ती भर उन्हात होती. हौदाच्या कडेला वैनी हात पुसत उभ्या होत्या. तोंडावर इतका आनंद होता त्यांच्या!

“वन्सं, धुतला बघा. आता कशाला जाताय तेवढ्या लांब? शेपूट धरून ओढला आन् साबण लावून दोनदा खळबळला. लई रंग निघाला, निळा निळा.”

मला आधी काही कळेचना. मग तळपायाची आग मस्तकात गेली. माझं तोंड वाईट, हे मला माहीत आहे, आई लहानपणापासून सांगायची. पण त्या दिवशी जे बोलले ते आजही मला पाठ आहे, आणि मला ते विसरता येत नाही. मी म्हणाले, “अडाणी कुठली! मेंढरामागं हिंडणाऱ्या घरची तू, तुला काय कळायचं? माझं वाटोळं केलंस!”

तू म्हणाले. त्यांना आजवर कधी तू म्हटलं नव्हतं. आणि मेंढरामागं हिंडणाऱ्या घरची! अगं बये, आणि तू कुणाच्या घरची? तुझा आजा काय मोटारीतून हिंडायचा का? पण तेव्हा हे सुचत नाही. तेव्हा हातात सापडेल तो धोंडा मारायचा असतो, आणि तोच तेवढा हाताला लागला.

वैनी धुतल्या हातांनी तशाच उभ्या राहिल्या. मला वाटतं त्यांना अजून चूक काय झाली ते समजलं नव्हतं, एवढंच समजलं होतं की फार मोठी झाली.

मी एकटी बोलून थांबले असते तर निस्तरलं असतं. पण नणंदेनं तोंड सोडलं की घराला परवाना मिळतो. आई धावत आली आणि सुरूच झाली. “पोरीचा वर्साचा अभ्यास धुऊन टाकला गं बाई!” मग शोध लागला की फोटो सपरातले होते, मग चाती निघाली. आईनं ती माळ्यावर फेकली. तात्या एवढंच म्हणाले, “मंजी आता नापास?” आणि चप्पल घालून रानात निघून गेले. दादा वैनींशी बोलेना. शेजारच्या वस्तीवरच्या बायका ताक मागायला आल्या, त्यांनी दोरीकडं बघून विचारलं, हे काय वाळत घातलंय? आईनं सांगितलं. त्या पोट धरधरून हसल्या. “आन् नीळ? नीळ न्हाय घातली व्हय फुटूला?”

तेव्हापासून ते सुरू झालं. नीळ घातली का.

मी मात्र वेड्यासारखी ती फिल्म गुंडाळून बारामतीला गेले. आपल्याला सगळं माहीत असतं, तरी माणूस जातोच. स्टुडिओवाल्यानं फिल्म उजेडात धरली. बोटानं चाचपली.

“ताई, कुणी धुतला हा?”

“घरी.”

“कशानं?”

“कपड्याच्या साबणानं.”

तो हसणार होता, पण माझ्याकडं बघून थांबला. “ह्याच्यात आता कायबी न्हाय,” तो म्हणाला. “कुणीबी आलं तरी निघायचं न्हाय.” मग खालच्या कपाटात हात घालून त्यानं एक रोल काढून दिला. तारीख उलटून गेलेला ब्लॅक अँड व्हाइट रोल होता. “ह्यो न्या. ईल ते ईल.” मी तिथं स्टुलावर बसून रडले. गिऱ्हाईक आलं तसं त्यानं मला पासपोर्ट फोटोच्या पडद्यामागं बसवलं.

घरी आले तेव्हा संध्याकाळ झाली होती. वैनी जेवल्या नव्हत्या असं कळलं. मी सबंध एस्टीत ठरवत आले होते की काय बोलायचं. चुकलं माझं, एवढे दोन शब्द. पण त्या समोर आल्या, पाण्याचा तांब्या पुढं केला, आणि माझ्या तोंडून निघालं, “जाऊ द्या वैनी, झालं ते झालं. आता परत काढावे लागतील.” म्हणजे वर माझेच उपकार! त्या म्हणाल्या, “व्हय वन्सं. तुमी म्हणाल तसं.”

सोमवार एवढाच दिवस हातात होता. आईची मनधरणी करून चाती माळ्यावरून काढली. सपरात बसलो, दार लोटून, एका फटीतून उजेड ठेवून, कारण अंगणातून येणारीजाणारी डोकावायला लागली होती. वैनींनी चाती फिरवली. सूत तुटलं. परत जोडलं, परत फिरवली, परत तुटलं. ज्या बाईच्या हातून तीन दिवसांत एकदाही सूत तुटलं नव्हतं, तिला वीतभर निघेना.

आणि त्या माझ्याकडं बघायच्या. मी कॅमेरा उचलला की बघायच्या. मी म्हणायचे, “वैनी, हिकडं बघू नका.” तर “न्हाय बघत” हे मला सांगण्यासाठी त्या बघायच्या. मी गोड आवाज काढला, त्यांनी बघितलं. मी गप्प बसले, गप्प का बसले म्हणून बघितलं. मी चिडायचं नाही असं ठरवलं होतं, आणि न चिडण्याचा जो आवाज निघतो तो चिडण्यापेक्षा वाईट असतो. “वैनी, तुमी आपल्या सुताकडं बघा की! परवाच्यागत!” परवाच्यागत म्हटल्यावर त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

दुपारभरात मी तो रोल संपवला. तसाच. थांबले असते, कॅमेरा बाजूला ठेवून त्यांच्याशेजारी बसले असते, तर? पण मंगळवारी कॅमेरा द्यायचा होता, तात्यांचं गाठोडं डोळ्यांपुढं होतं, आणि मी बटण दाबत राहिले.

पुण्याला आले. कॉलेजच्या अंधाऱ्या खोलीत कुणाच्या तरी हातापाया पडून रोल स्वतः केला, प्रिंट काढल्या. तारीख उलटल्यामुळं सगळ्यावर राखेसारखा थर. ट्रेमधल्या औषधाच्या पाण्यात कागदावर हळूहळू वैनी यायच्या आणि दरवेळी आधी डोळे यायचे, थेट माझ्यावर रोखलेले. मी पुढचा कागद टाकायचे. तिथंही तेच. मला त्या अंधारातून पळून जावंसं वाटलं.

बारा फोटो टेबलावर मांडले. सरांनी मोजले. आठ फोटोंत वैनी समोर बघत होत्या.

“मी काय सांगितलं होतं?”

“कॅमेऱ्याकडं बघायचं नाही.”

“मग?”

नापास झाले, हे मनात म्हणूनसुद्धा झालं होतं. सर परत खाली वाकले. एक फोटो त्यांनी हातात घेतला. त्यात सूत तुटलेलं आहे, तुटलेली दोन टोकं वैनींच्या दोन हातांत आहेत आणि त्या वर बघतायत.

“ही कॅमेऱ्याकडं बघत नाहीये,” ते म्हणाले. “ही कुणाकडं तरी बघतीये. कोण उभं होतं तिथं?”

“मीच होते, सर.”

“एवढी भेदरलीय कशानं?”

मला सांगता आलं असतं. वर्गातली दहा-बारा पोरं भोवती उभी होती. मी म्हणाले, “माहीत नाही सर. सवय नसेल कॅमेऱ्याची.”

सरांनी तो फोटो बाजूला ठेवला. नियम मोडलाय, पण हा फोटो खरा आहे, असं काहीतरी म्हणाले. मला वर्गात सगळ्यात जास्त मार्क मिळाले. वार्षिक प्रदर्शनात तो फोटो मोठा करून, काचेच्या चौकटीत लावला. खाली पट्टीवर काय लिहायचं म्हणून विचारलं, तर मी लिहिलं ‘लोकर कातणारी स्त्री’. लोक समोर उभे राहायचे. काय डोळे आहेत, म्हणायचे. एका बाईंनी माझा हात हातात घेऊन सांगितलं, की तुला माणसाची फार जाण आहे. मी हो म्हणाले. आणखी काय म्हणणार होते?

प्रदर्शन संपल्यावर तो फोटो कागदात गुंडाळून घरी नेला. तात्या खूश होते. वालचंदनगरला नकार कळवून टाकला त्यांनी, आणि माझं कॉलेज सुरूच राहिलं. आईनं फोटो भिंतीला टेकवून ठेवला आणि येईल त्याला दाखवला, “आमची सून. पुण्यात लावला हुता.” चातीचं आता तिला काही वाटत नव्हतं, पुण्यानं शिक्का मारला होता ना! दादानं परत नीळ काढली. सगळे हसले. वैनीही हसल्या, सगळ्यांच्या आधी.

माणसं पांगल्यावर वैनी फोटोपुढं जाऊन बसल्या. पदरानं काच पुसली. मी दारात होते. मला वाटलं, आता सांगावं. सर काय म्हणाले, मी काय म्हणाले, सगळं. आत्ता नाही तर कधीच नाही.

“वन्सं,” त्या फोटोकडंच बघत म्हणाल्या, “मी हिच्यात अशी का वो दिसती? कुणी मारल्यागत?”

मी दाराची कडी चाचपत राहिले. मग मान वळवून माझ्याकडं बघितलं, आणि माझं तोंड बघून त्याच घाईघाईनं म्हणाल्या, “ऊन आलं आसंल डोळ्यावर. व्हय ना?”

तो फोटो सपरात दार लोटून काढला होता. तिथं फटीतून नुसता उजेड येत होता, उन्हाची तिरीपसुद्धा नव्हती, हे आम्हा दोघींनाच ठाऊक होतं.

“व्हय वैनी,” मी म्हणाले. “ऊनच आलं होतं.”